कंपाउंडरकाकांची पट्टी

कंपाउंडरकाका कुठलीही वस्तू हातात आली की आधी ती नाकाला लावत. दूध, तिखट, हिंग हे एक वेळ समजू शकतं. पण माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा त्यांनी उघडण्याआधी हुंगली होती. "शाई ताजी आहे. घाईत छापली. पोराकडच्यांना येवढी घाई काहून आहे?" असं त्यांनी आईला विचारलं आणि चहा पिऊन निघून गेले. आईची चार दिवसांची झोप उडाली. जावई लाखात एक निघाला, हे पुढं मी त्यांना ऐकवलं, तर म्हणाले, "मी कुठं वाईट म्हटलं? मी तर फक्त विचारलं."

नागपुरातल्या मनीषनगरात, आमच्या इमारतीत त्यांचं दार आमच्या दारासमोर. घरात काका आणि काकू दोघंच, आणि गॅलरीत कुंड्यांची रांग. ओवापान, तुळस, पुदिना आणि सांबार. सांबार म्हणजे बाहेरचे लोक ज्याला कोथिंबीर म्हणतात तो. बाजारात ढिगानं मिळणारा सांबार काका कुंडीत लावत, कारण बाजारातल्या जुडीवर कुठलं पाणी मारलंय ते त्यांना ठाऊक नसे. कुंडीतलाही ते तोडल्यावर हुंगतच. काकू म्हणायच्या, "चाळीस वर्षं झाली लग्नाले, माह्या हातचा चहा अजून हुंगून पितात." त्यावर काका शांतपणे म्हणत, "चाळीस वर्षं झाली म्हणूनच." इमारतीत त्यांच्या माघारी त्यांना शंकासुर म्हणत. ते नाव मीच ठेवलं होतं, हे आता सांगून टाकते.

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी उभी हयात कंपाउंडर म्हणून काढली होती. ज्यांनी तसले दवाखाने पाहिलेत त्यांना ती लाकडी खिडकी आठवत असेल. घरून नेलेली बाटली खिडकीतून आत द्यायची. ती गुलाबी मिक्सचर भरून बाहेर यायची आणि तिच्या अंगावर कागदाची एक पट्टी चिकटवलेली असायची, कडेला कात्रीनं खाचा मारलेली. एक खाच म्हणजे एक डोस. आम्ही तेव्हा महालातच राहत होतो आणि बाबांच्या दम्याच्या बाटल्या त्याच खिडकीतून यायच्या. पुढं बाबा गेले, दवाखाना बंद झाला, आम्ही आणि काका योगायोगानं एकाच इमारतीत राहायला आलो. काका निवृत्त झाले, पट्टी मात्र झाली नाही. काकूंच्या खोबरेल तेलाच्या बाटलीला खाचा, हिंगाच्या डबीला खाचा, जिन्यासाठी आणलेल्या फिनाइललाही खाचा. "खाच नसली की माणूस अंदाजानं घेते," ते म्हणत. "अंदाजानं घेतलं की अमृताचंही जहर होते."

दुसरं त्यांचं शस्त्र म्हणजे एक शब्द : "किती?" कोणी म्हणालं, गुळवेल फार चांगली, की काका विचारत, "किती?" कोणी म्हणालं, लसूण हृदयाला बरा. "किती? अन् कोणाच्या हृदयाले?" एवढ्यावर समोरचा माणूस गप्प होई, कारण किती ते त्याला कधीच ठाऊक नसे. मग काका असे काही बघत, जणू चोरी पकडली गेलीय आणि आता त्यानं खिशातला हात बाहेर काढावा.

हा संशय त्यांच्याकडे वारशानं आला होता. वडील उमरेडचे विणकर. व्यापारी कितीही ओळखीचा असो, सुताचा धागा ओढून पाहिल्याशिवाय ते घरात आणत नसत. छप्पन साली त्यांनी नागपूरला येऊन दीक्षा घेतली. काका सांगत, "माह्या बापानं दोनच गोष्टी शिकवल्या. सूत ओढून पाहायचं, अन् मोठा माणूस म्हणते म्हणून मानायचं नाही. बुद्ध म्हणते म्हणूनही नाही, असं बुद्धच सांगते." समोरच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. तिच्याखाली रविवारी काका आरामखुर्चीत बसून वर्तमानपत्रातल्या औषधांच्या जाहिराती लाल पेन्सिलनं तपासत.

आणि मी नेमकी जाहिराती लिहून पोट भरत होते.

रामदासपेठेतल्या एका लहान कचेरीत मी मराठी मजकूर लिहायचे. शिकवणी वर्गांची पत्रकं, सोनाराच्या दुकानाचे फलक, असलं. एकदा आमच्याकडे एक नवी कंपनी आली. तुळस, ओवापान, पुदिना, कढीपत्ता, सांबार या पाच पानांचा अर्क, वर हळदीचा, असं सगळं एका हिरव्या कॅप्सूलमध्ये. त्यांना घरातल्या बायकांना समजेल असं पत्रक हवं होतं. मी लिहिलं : लोखंडाला गंज चढतो तसा शरीरालाही चढतो. पानांमधली अँटिऑक्सिडंट द्रव्यं तो गंज रोखतात. तुमच्याच स्वयंपाकघरातली पानं, म्हणून दुष्परिणाम शून्य.

हे शेवटचं वाक्य कंपनीनं दिलं नव्हतं. ते माझं मलाच सुचलं होतं आणि त्याचा मला अभिमान होता.

कंपनीनं खूश होऊन डब्या भेट दिल्या. मी त्या आईला दिल्या. आईच्या हृदयाची एक झडप काही वर्षांपूर्वी बदललेली होती, तेव्हापासून ती रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेत होती. त्या गोळीचं तंत्र फार नाजूक. रक्त गरजेपेक्षा पातळ झालं तर आतल्या आत वाहायची भीती, घट्ट झालं तर झडपेवर गुठळी धरायची भीती. दर महिन्याला तपासणी, आणि आकडा दोन रेघांच्या मध्ये राहिला की आम्ही सुटलो म्हणायचं. हे सगळं मला पाठ होतं. तरी कॅप्सूल देताना मला ते आठवलंसुद्धा नाही, कारण माझ्या लेखी ती कॅप्सूल औषध नव्हतीच. ती तर भाजी होती.

आईनं चष्मा लावून पत्रक वाचलं, घडी घालून देव्हाऱ्याच्या खणात ठेवलं, आणि येईल त्याला सांगू लागली, "माह्या पोरीनं लिहिलं आहे."

काकांनी ते उभ्यानंच वाचलं. कागद हुंगला. मग मला म्हणाले, "काहून वं, माणूस काय सायकल आहे का, गंज चढायले?"

"काका, समजावं म्हणून लिहिलंय तसं."

"बरं. अन् दुष्परिणाम शून्य. हे कोणी मोजलं?"

"मोजायचं काय त्यात? रोजची पानं आहेत. तुमच्या कुंडीत आहेत तीच."

"कुंडीत पान आहे. डबीत त्याचं सार आहे. एका कॅप्सूलमध्ये किती पानं गेली? एक? का टोपलीभर?" मला माहीत नव्हतं. कंपनीला मी विचारलंही नव्हतं. काकांनी ते माझ्या तोंडावर वाचलं आणि आवाज खाली आणला. "अन् वहिनी रक्ताची गोळी घेतात. हे दोघं पोटात भेटले की एकमेकांशी काय बोलतात, तुले माहीत आहे? मले नाही माहीत. म्हणूनच भेव वाटते."

मी हसण्यावारी नेलं. पुढच्या रविवारी मी कंपनीच्या माणसाला आमच्याच इमारतीच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. त्यानं सफरचंदाच्या दोन फोडी केल्या. एक तशीच ठेवली, दुसरीला कॅप्सूलमधली पूड पाण्यात कालवून लावली. गप्पा होईस्तोवर पहिली फोड काळी पडली, दुसरी पांढरी राहिली. "हाच तो गंज," तो म्हणाला. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आई पहिल्या रांगेत होती आणि तिनं वळून माझ्याकडे पाहिलं, ते मला अजून आठवतं.

तेवढ्यात मागून काकांचा आवाज आला. "एक फोड मलेही द्या." त्यांनी खिशातून लिंबू काढलं. घरून आणलं होतं, म्हणजे हा खेळ कसा असणार याचा वास त्यांना आधीच आला होता. फोडीवर चार थेंब पिळून ते खुर्चीवर बसून राहिले. लिंबाची फोडही पांढरीच राहिली. "हे ताटातलं झालं," काका उठून म्हणाले. "लिंबू असो का तुमची पूड, ताटात दोन्ही चालतात. पोटात काय होते ते या फोडीनं सांगितलं का?" कंपनीचा माणूस हसत राहिला. बायका पांगल्या. दोघी-तिघींनी तरी डब्या घेतल्याच, पण माझी मान खाली गेली होती.

त्या संध्याकाळी मी त्यांच्या दारात गेले. मी म्हणाले, "काका, तुम्ही कंपाउंडर होतात. डॉक्टर नव्हतात."

काकू आत सांबार निवडत होत्या, त्यांचा हात थांबला. काकांनी दाराला हात लावला. मग म्हणाले, "खरं आहे, मॅडम." आणि दार लावून घेतलं. मला ते कधी मॅडम म्हणत नसत.

नंतर बरेच दिवस समोरचं दार बंद. आईही त्यांच्यावर रुसली होती. लेकीचा चारचौघांत पाणउतारा केला म्हणून तिनं काकूंची वाटीसुद्धा आपल्याकडचं काही न घालता रिकामीच परत पाठवली, आणि आमच्याकडे याहून मोठं भांडण नसतं. कॅप्सूल ती आता हट्टानं, दोन वेळा, मला दाखवून घेऊ लागली.

महिन्याभरात तिच्या दंडावर निळे डाग दिसू लागले. कुठं आपटल्याचं तिला आठवत नव्हतं. दात घासताना रक्त आलं. तपासणीचा आकडा वरची रेघ ओलांडून गेला. डॉक्टरांनी गोळी कमी केली आणि विचारलं, "दुसरं कुठलं औषध चालू आहे का? काढा, चूर्ण, काहीही?"

"नाही," आई म्हणाली.

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही म्हणाले, "नाही."

आम्ही दोघी खोटं बोलत नव्हतो, असं तेव्हा वाटलं होतं. आमच्या घरात ओवा, हळद, तुळस यांना कोणी औषध म्हणत नाही. पण मनात कुठंतरी काकांचा आवाज आला होता आणि मी तो दाबला होता, एवढं मात्र मला पक्कं ठाऊक आहे. हो म्हटलं असतं तर ते पत्रक मलाच खोडावं लागलं असतं.

आणि मग एके दिवशी समोरचं दार उघडलं. काका सांबारवडीचं ताट घेऊन आले. "वहिनी, हॉलमधलं माह्यं चुकलं," म्हणाले. आई विरघळली. मी नाही. काकांनी जन्मात कोणाची माफी मागितल्याचं ऐकलं नव्हतं. हा माणूस माफी मागतोय म्हणजे पाणी मुरतंय, असं मला वाटत राहिलं. संशय घ्यायला मीही त्यांच्याचकडून शिकले होते. त्यात आईचं आणि त्यांचं एक नवंच सुरू झालं. कॅप्सूलच्या डबीचं झाकण दाबून फिरवावं लागे आणि आईच्या मनगटात जोर नव्हता. मी दिवसभर कचेरीत. तेव्हा प्रत्येक नवी डबी काका उघडून देऊ लागले. सकाळी घेऊन जात, संध्याकाळी आणून देत. झाकण उघडायला दिवस लागतो का, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, घरी नेऊन हुंगत असतील आणि काकूंपुढं बडबडत असतील.

दोन महिन्यांत आईचे डाग गेले. आकडा दोन रेघांच्या मध्ये आला आणि तिथंच राहिला. डॉक्टर म्हणाले, छान. कंपनीचा माणूस नव्या पत्रकासाठी कोणाचा तरी अनुभव मागत होता. मी आईचा लिहून दिला. हृदयाचं ऑपरेशन झालेल्या माझ्या आईची तब्येत या कॅप्सूल सुरू केल्यापासून कशी स्थिर आहे, वगैरे. निळ्या डागांचा महिना त्यात नव्हता. आईचा फोटोही दिला, हातात डबी धरलेला.

त्या फोटोनंच घात केला. कचेरीत पडद्यावर तो मोठा करून पाहत असताना मला डबीच्या कडेला काहीतरी पांढरं दिसलं. कंपनीचं लेबल समोर, आणि आईच्या अंगठ्याखाली, लेबल संपतं तिथं, कागदाची एक बारीक पट्टी. कडेला चार खाचा.

मी तशीच घरी आले. टेबलावरची डबी उचलली. होती, पट्टी होती. चार आठवड्यांच्या चार खाचा, कात्रीनं एकसारख्या मारलेल्या. एक कॅप्सूल उघडून मी नाकाजवळ नेली. ओव्याचा उग्र वास नाही, हळदीचा नाही. कोरडं, पांढरट, फिक्या हिरव्या रंगाचं पीठ. पहिला विचार आला की कंपनी फसवतेय. दुसरा आला की काका चोर आहेत.

डबी घेऊन मी समोर गेले. काका आरामखुर्चीत होते. मी डबी त्यांच्यापुढं धरली.

"यात काय आहे?"

"तांदळाचं पीठ. रंगापुरता वाळलेला सांबार, चिमटीभर." त्यांनी घड्याळ सांगावं तसं सांगितलं. मग उठून कपाट उघडलं आणि तीन बाटल्या काढून माझ्यापुढं ठेवल्या. तिन्हीत हिरवी-पिवळी पूड, तिन्हींवर पट्ट्या, पट्टीवर तारीख. "ही तुमची चीज. एकेक कॅप्सूल उघडून काढली. तोलून ठेवली आहे. कमी वाटली तर सांग."

मी म्हणाले, "तुम्ही माझ्या आईच्या औषधात हात घातलात?"

"घातला," काका म्हणाले. "आता तू त्याले औषध म्हणून राहिली, हे बरं झालं."

काकू मधे पडल्या. "अवं, तुह्या आईच्या दंडावरचे डाग यायनं पाहिले. तीन रात्री जागले हे. डॉक्टरले सांगा म्हटलं, तर म्हणे, वहिनीच नाही म्हणतील, पोरीचं नाव खराब होईल म्हणून."

"मग मला सांगायचं."

"तुले सांगितलं होतं," काका म्हणाले. "तू म्हणाली, मी डॉक्टर नाही." त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. ते परत खुर्चीत बसले. "पण हे पाप आहे, पोरी. आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या बाटलीत न सांगता काही टाकणं याच्यापेक्षा मोठं पाप नाही. उभ्या जन्मात केलं नव्हतं. वहिनी मले भरोशानं डबी देऊन राहिल्या अन् मी त्यायले फसवून राहिलो. रोज वाटे, आज तू पकडशील. तुह्याच घरची डबी, तूच त्याच्यावर येवढं लिहिलं. तीन महिन्यांत तू एकदाही वास घेतला नाही वं."

"आणि ही पट्टी?"

त्यांनी डबीकडे पाहिलं. पहिल्यांदाच थोडे ओशाळले. "हात ऐकत नाही. भरलेली बाटली पट्टीशिवाय जाऊ देता येत नाही मले."

मी तिथंच, बुद्धाच्या तसबिरीखाली, खाली बसले आणि रडले. आई जाऊ शकली असती. माझ्या एका वाक्यानं, ज्याचे मला पैसेसुद्धा वेगळे मिळाले नव्हते, मला नुसतं सुचलं होतं म्हणून. काकांनी मला उगी केलं नाही. त्यांनी पत्रक आणि लाल पेन्सिल माझ्यापुढं सरकवली. "रडून होईल ते होईल. जे हातानं लिहिलं ते हातानं खोड."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीला सांगितलं की आईचा अनुभव खरा नाही आणि दुष्परिणामांबद्दलची ओळ काढा, मी ती काहीही न विचारता लिहिली होती. त्यांनी अनुभव गाळला, ओळ ठेवली. मी काम सोडलं. मग आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि तिच्यासमोरच म्हणाले, "आई पानांच्या अर्काच्या कॅप्सूल घेत होती. मी दिल्या होत्या. मागच्या वेळी तुम्ही विचारलंत तेव्हा मी लपवलं." पुढचं, म्हणजे नंतरच्या डब्यांत काय होतं ते, आईला बाहेर बसवून मी डॉक्टरांना एकटीनं सांगितलं. त्यांनी आईचे मागचे आकडे पुन्हा काढून पाहिले. मग म्हणाले, डाग कशामुळं आले ते आता छातीठोक सांगता येणार नाही, पण या गोळीबरोबर असलं काही विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आणि विचारलं, "तो कंपाउंडर कुठं असतो?"

आईला मी काकांचं काही सांगितलं नाही. तिचा त्यांच्यावर भरोसा बसला होता, तो मोडायला जीव होईना. कॅप्सूल बंद झाल्या, डबी टेबलावरून गेली, आईनं एका शब्दानं विचारलं नाही. रिकामी वाटी पाठवणंही बंद झालं.

पुढच्या उन्हाळ्याआधी काकांनी मनीषनगर सोडलं. मुलानं उमरेडला घर बांधलं होतं आणि काकांचे गुडघे आता जिना चढत नव्हते. कुंड्या त्यांनी आम्हाला दिल्या, प्रत्येकीला पाणी किती घालायचं त्याची खूण केलेलं एक भांडं देऊन. निघायच्या दिवशी आईनं वाटेसाठी डबा दिला. पोळ्या आणि सांबारवडी. काकांनी डबा हातात घेतला, आणि आम्ही सगळे सवयीनं थांबलो. त्यांनी तो नाकाकडे नेलाच नाही. सरळ पिशवीत ठेवला आणि म्हणाले, "येतो वहिनी. जयभीम." काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, घाई असेल.

गेल्या थंडीत उमरेडहून काकूंचा फोन आला. काका सकाळी चहा पिऊन गेले. "चहा हुंगला होता का?" मी वेड्यासारखं विचारलं. "हुंगला ना," काकू म्हणाल्या आणि फोनवर आम्ही दोघी रडलो.

आईला सांगितलं. उठून देव्हाऱ्याच्या खणातून तिनं काहीतरी काढून आणलं. कॅप्सूलची डबी होती. कंपनीचं लेबल तिनं खरवडून टाकलं होतं. पट्टी तशीच होती, आणि शेवटच्या खाचेखाली काही कॅप्सूल उरल्या होत्या.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"पहिल्याच डबीले पट्टी पाहिली मी," आई म्हणाली. "तुह्या बाबाच्या बाटलीवर सोळा वर्षं तो हात पाहिला आहे. मले समजणार नाही? एक कॅप्सूल कापून वास घेतला. तांदळाचं पीठ."

"मग घेत काहून राहिली?"

"बंद केल्या असत्या तर तू विचारलं असतं, काहून बंद केल्या. मग तुह्यं लिहिलेलं खोटं, असं मले माह्या तोंडानं म्हणावं लागलं असतं. अन् तो माणूस येवढा संशयी, त्यानं डोळे फोडून साठ-साठ कॅप्सूल भरल्या. त्यालेही कसं म्हणायचं की पकडलं? तू आपल्या तोंडानं सांगेपर्यंत घेत राहिली." तिनं पदरानं डबी पुसली. "निघताना त्यानं डबा हुंगला नाही ना, तेव्हा मले समजलं, मले माहीत होतं हे त्यालेही समजलं आहे."

डबी आता माझ्या टेबलावर असते. मी अजूनही मजकूर लिहूनच पोट भरते. कोणी येऊन म्हणतो, लिहा ना, चांगलं असतं ते. मी विचारते, "किती?" बहुतेक जण उठून जातात. माघारी मला काय म्हणत असतील ते मला ठाऊक आहे, कारण ते नाव मीच ठेवलं होतं.